साखर गेली, गोळी आली, वजन मात्र तिथेच!

मंडळी, आज जरा मोठी पोस्ट आहे. चहा घेऊन बसा. चहात साखर घालायची की गोळी, हे पोस्ट वाचून झाल्यावर ठरवा.

आपल्या अर्नाळा-आगाशी-विरार पट्ट्यात बऱ्याच घरांत चहा-साखरेच्या डब्यांशेजारी आता एक छोटी प्लास्टिकची डबी दिसते. दाबलं की एक गोळी पडते आणि चहा गोड होतो. कंपनीचं नाव कुठलंही असो, आपण तिला ‘शुगर-फ्री’च म्हणतो, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. काहींना डायबेटीस आहे म्हणून ती घरात आली. पण बऱ्याच जणांना डायबेटीस नाही, फक्त पोट कमी करायचंय. सहा महिने गोळी घेऊन झाली की हमखास प्रश्न येतो, ‘साखर बंद केली, तरी वजन का उतरत नाही?’

त्यावर व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक म्हणतो, गोळी म्हणजे विष, कॅन्सर होतो. दुसरा म्हणतो, झीरो कॅलरी, कितीही प्या. दोन्ही मेसेज अर्धवट आहेत. या गोळीचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर खरं काय ते बऱ्यापैकी कळतं. आणि गंमत म्हणजे त्या इतिहासात एक फडणीसही आहेत.

सुरुवात घरापासून करू. वसईची बागायत म्हणजे केळी, ऊस, पानवेली. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसईच्या उसाचं आणि केळीचं वर्णन आहे, आपल्या शेजारच्या आगाशीच्या सुक्या केळ्यांचाही उल्लेख आहे. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी हीच इथली मिठाई. पण हे गोड रोजचं नव्हतं. सण, पाहुणा, बाळंतीण, नाहीतर नारळीपौर्णिमा. पांढरी साखर तर जपून वापरायची वस्तू. त्यात अंगमेहनत अफाट. वल्ही मारणारे हात आणि डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन चालणारी बाई, यांच्या शरीराला थोडं गोड सहज पचायचं. साखर सोडण्यासाठी गोळी शोधावी, असा विचार तेव्हा कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

ती गोळी जन्मली दूर अमेरिकेत. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फालबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करत होता. हात नीट न धुता जेवायला बसला आणि पाव गोड लागला. शोध लावताना दोघं होते, पेटंट मात्र फालबर्गने एकट्याच्या नावावर घेतलं. पदार्थाला नाव दिलं सॅकरिन. लॅटिनमधल्या साखरेच्या शब्दावरून आलेलं हे नाव, आणि त्या शब्दाचं मूळ आपल्या ‘शर्करा’त. म्हणजे माल परदेशी, नाव आपलंच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सॅकरिन सुरुवातीला मधुमेही लोकांसाठी आणि स्वस्ताईसाठी खपलं, वजनासाठी नाही. साखरेच्या तीनशेपटीहून जास्त गोड, त्यामुळे चिमूटभर टाकलं की भागतं. साहजिकच साखरवाल्यांच्या पोटात गोळा आला. जर्मनीत बीटापासून साखर करणाऱ्यांचं वजन सरकारात मोठं. १९०२ साली तिथे कायदा झाला आणि सॅकरिन फक्त औषधाच्या दुकानात मिळू लागलं. मग स्वित्झर्लंडमधून त्याची चोरटी आयात सुरू झाली. सॅकरिनचं स्मगलिंग, विचार करा!

अमेरिकेत याच सुमारास अन्नभेसळीविरुद्ध लढणारे हार्वे वायली सॅकरिनवर बंदी मागत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. गिऱ्हाइकाला साखर म्हणून जे दिलं जातंय त्यात साखर नाही, अन्नमूल्यही नाही, म्हणजे ही फसवणूक आहे. पण राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांच्या डॉक्टरांनी सॅकरिन घ्यायला सांगितलं होतं, त्यामुळे ते वायलींवरच भडकले. पुढे चौकशीसाठी मंडळ नेमलं गेलं, त्याचे प्रमुख कोण? तर ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिन सापडलं तेच आयरा रेमसेन. असल्या समित्या आपल्याला नवीन नाहीत.

आपल्याकडेही सॅकरिन आलं ते स्वस्त गोडी म्हणून. बर्फाचा गोळा, प्लास्टिकच्या कांडीतली पेप्सी, गोड सुपारी, रंगीत सरबत. जिभेवर गोडीनंतर येणारी ती कडवट चव पोरांनाही ओळखता यायची. साखर महाग होती तेव्हा सॅकरिन ही गरिबाची साखर होती आणि भेसळ करणाऱ्याची कमाई.

मग चित्र उलटं झालं. १९३२ साली ब्रिटिश सरकारने देशी साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण दिलं आणि कारखाने भराभर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५०च्या सुमारास गाळप सुरू झालं. पुढे सहकारी साखर कारखाना म्हणजे महाराष्ट्राचं राजकारण, शाळा-कॉलेज, सगळंच झालं. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला हे खरंच मोठं काम. पण त्याचबरोबर साखर सणावारातून उठली आणि रोजच्या कपात येऊन बसली. रेशनच्या रांगेत मापून मिळणारी साखर आता कुठल्याही किराणा दुकानात पोत्याने पडलेली असते. होडीला इंजिन लागलं, बाजाराला जायला रिक्षा आली. खाणं वाढलं, घाम कमी झाला.

श्रीमंत देशांत हे आधी घडलं होतं, म्हणून गोळीला नवं काम तिथेच मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘स्वस्त गोडी’ हे बिरुद गेलं आणि ‘सडपातळ करणारी गोडी’ हे आलं. वस्तू तीच, पाटी बदलली. १९३७ साली मायकल स्वेडाला सायक्लमेट सापडलं होतं, तेही प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलेली सिगारेट तोंडाला गोड लागली म्हणून! १९६३ साली कोका-कोलाने बायकांच्या फिगरवर डोळा ठेवून ‘टॅब’ हे डाएट पेय काढलं. १९६५ साली जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटलं आणि अ‍ॅस्पार्टेम सापडलं. १९६९ साली उंदरांमधल्या गाठींवरून अमेरिकेने सायक्लमेटवर बंदी घातली. १९७७ साली सॅकरिनचीही तीच पाळी आली, पण लोकच बंदीविरुद्ध उठले, संसदेने बंदी थांबवली आणि बाटलीवर फक्त इशारा छापला गेला. पुढे कळलं की उंदरात गाठी होण्याची ती प्रक्रिया माणसाला लागू पडत नाही. २०००मध्ये तो इशाराही काढला. कॅन्सरची भीती आपल्या मेसेजमध्ये आजही फिरते तिची मुळं या जुन्या भांडणात आहेत.

आता येऊ फडणीसांकडे. लंडनमध्ये क्वीन एलिझाबेथ कॉलेज नावाचं कॉलेज होतं, आता ते किंग्ज कॉलेजमध्ये विलीन झालंय. तिथे १९७१पर्यंत जॉन युडकिन हे पोषणशास्त्राचे प्राध्यापक होते. साखर हृदयाला आणि वजनाला घातक आहे असं त्यांनी १९७२ साली पुस्तक लिहून सांगितलं आणि साखर उद्योगाचा रोष ओढवून घेतला. आणि त्याच कॉलेजात १९७६ साली टेट अँड लाइल या साखर कंपनीबरोबर वेगळंच संशोधन चाललं होतं, साखरेपासून उद्योगाला लागणारी रसायनं बनवता येतील का हे पाहण्याचं. प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हा तरुण भारतीय संशोधक साखरेला क्लोरीन जोडून पदार्थ तयार करत होता. त्याला सांगण्यात आलं, ‘टेस्ट’ कर, म्हणजे तपास. त्याने ऐकलं ‘टेस्ट’, पण चव घे या अर्थाचं. मराठीत दोन्ही सारखंच लिहितो, घोळ होणारच! त्याने चव घेतली आणि सुक्रालोज सापडलं. साखरेच्या सुमारे ६००पट गोड. १९९१ साली कॅनडाने आणि १९९८ साली अमेरिकेने त्याला परवानगी दिली. आज आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत, पावडरीत, ‘झीरो’ पेयांत हेच असतं.

साखरेविरुद्ध शंख करणारा प्राध्यापक आणि साखर कंपनीच्या मदतीने साखरेचा पर्याय शोधणारे संशोधक एकाच कॉलेजातले. यातून एक शिकण्यासारखं आहे. साखरवाले आणि गोळीवाले हे नेहमी एकमेकांचे वैरी असतात असं नाही, कित्येकदा दुकान एकच असतं आणि फळ्या दोन. १९६०च्या दशकात अमेरिकी साखर उद्योगाने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयविकाराचा दोष चरबीवर ढकलणारा लेख लिहून घेतला होता, हे २०१६ साली कागदपत्रांसह बाहेर आलं. म्हणून ‘अभ्यासात सिद्ध झालंय’ असं कुणी म्हटलं की पैसे कुणाचे, हा प्रश्न विचारायचा. तो साखरेबाबतही विचारायचा आणि गोळीबाबतही.

बरं, मग मूळ प्रश्न. गोळीने वजन उतरतं का?

सर्वांत स्वच्छ उत्तर देणारा एक अभ्यास नेदरलँड्समधला, २०१२चा. ६४१ मुलं, दीड वर्ष. अर्ध्या मुलांना रोज २५० मिलीचं साखरेचं पेय, अर्ध्यांना तसंच दिसणारं गोळीवालं. कुणाला काय मिळतंय हे मुलांनाही ठाऊक नाही. वाढत्या वयाची मुलं, वजन दोघांचंही वाढलं. साखरवाल्यांचं सरासरी ७.३७ किलो, गोळीवाल्यांचं ६.३५ किलो. म्हणजे एक किलोचा फरक. साखरेच्या *जागी* गोळी आली की फायदा होतो, हे यातून दिसतं.

मग जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये वजन कमी करण्यासाठी गोळी वापरू नका, असं का सांगितलं? त्यांनी २८३ अभ्यास एकत्र पाहिले. प्रयोग करून केलेल्या अभ्यासांत गोळीवाल्यांचं वजन सरासरी फक्त ०.७१ किलोने कमी भरलं, आणि त्यातले बरेच प्रयोग तीन महिन्यांच्या आतले. उलट, लोकांवर अनेक वर्षं नुसतं लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासांत गोळी घेणाऱ्यांमध्ये लठ्ठपणा, टाइप-२ मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसले. यात मेख अशी की दवाखान्याबाहेर आजारी माणसं जास्त दिसतात म्हणून डॉक्टर आजार पसरवतो असं होत नाही. ज्यांचं वजन आधीच वाढतंय तेच गोळीकडे वळतात. संघटनेनेही हे मान्य करून शिफारस सशर्त ठेवली. आणि आपल्या मेसेजमध्ये कधीच नसतो तो भाग म्हणजे, ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागूच नाही. तेव्हा मेसेज वाचून घरातल्या डायबेटीसवाल्या आजीची गोळी काढून पुन्हा साखर सुरू करू नका. डॉक्टरांना विचारा. आणि ‘आमचं स्टीव्हिया नैसर्गिक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी, त्या शिफारशीत स्टीव्हियाही आहे.

कॅन्सरचं काय? जुलै २०२३मध्ये अ‍ॅस्पार्टेमला ‘कॅन्सरकारक असू शकेल’ या गटात टाकलं गेलं. हा गट पुरावा कमी असलेल्यांचा आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा पूर्वीचीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलीग्रॅम. ७० किलोच्या माणसाने दिवसाला ९ ते १४ कॅन डाएट पेय प्यायलं तरच ती ओलांडली जाईल. घाबरायचं कारण नाही, पण ‘कितीही प्या’ हेही खरं नाही. २०२२मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी १२० निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रालोज दोन आठवडे घेतल्यावर काहींच्या आतड्यातले जंतू आणि जेवणानंतरची साखर बदललेली दिसली. शरीर या गोळ्यांना अगदीच ओळखत नाही, असं नाही.

आपल्या देशातलाही अभ्यास आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने टाइप-२ मधुमेह असलेल्या १७९ जणांवर तो केला, २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या चहा-कॉफीत १२ आठवडे साखरेऐवजी सुक्रालोज. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, लक्षणीय फरक नाही. वजन आणि कमरेचा घेर किंचित कमी. चहाची साखर बदलली तर नुकसान दिसलं नाही, थोडा फायदा झाला. चमत्कार मात्र नाही.

चमत्कार का होत नाही त्याचा हिशेब आपल्या कपात आहे. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम, साधारण १६० कॅलरी. संघटना म्हणते साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे चहातच कोटा संपला. गोळी घेतली तर या १६० कॅलरी वाचतात, हे खरंच चांगलं आहे. पण मनात काय येतं? ‘चहात साखर नाही, मग एक वडापाव चालेल.’ एका वडापावात वाचवलेल्याच्या दीडपट ते दुप्पट कॅलरी परत आल्या. शुगर-फ्री मिठाईतून साखर गेली, पण मावा आणि तूप तिथेच. शुगर-फ्री बिस्किटात मैदा आणि तेल तिथेच. आणि ‘साखर सोडली, गूळ खातो’ म्हणणाऱ्यांनो, गुळात कॅलरी जवळपास साखरेइतक्याच असतात. आपली लाडकी सुकेळीही वाळल्यामुळे गोडीने दाट झालेली असते. एखादी खा, वाटी भरून नको.

अजून एक गोष्ट, आणि ही पुण्याची. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन एस. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय काट्यावर बारीक आणि आतून जाड असतो, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवलं. म्हणून नुसता काटा बघून चालत नाही. कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८०च्या आत हवी. २०२३मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यातले बरेच जण दिसायला जाडे नाहीत, म्हणूनच वेळेवर तपासत नाहीत.

आता सरकारकडे वळू, कारण सगळा भार तुमच्या-माझ्या मनोनिग्रहावर टाकून चालणार नाही. इंग्लंडने एप्रिल २०१८पासून पेयात साखर जितकी जास्त तितका कर जास्त, असा नियम केला. १०० मिलीत ५ ग्रॅमच्या खाली साखर, तर कर नाही. कंपन्यांनी मुकाट्याने साखर कमी केली, कित्येकांनी त्या जागी गोळी वापरली. नंतरच्या अभ्यासात १०-११ वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा ८ टक्क्यांनी कमी दिसला. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५पासून शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण साखर असो वा गोळी, दर सारखाच. भरपूर साखर घालणाऱ्याला आणि कमी घालणाऱ्याला एकच काठी. मग कंपनी साखर कशाला कमी करेल? ऊस हा महाराष्ट्राचा जीव आहे, त्यामुळे साखरेच्या प्रमाणावर कर, हे वाक्य आपल्या कुठल्याही पुढाऱ्याच्या तोंडून सहजासहजी निघणार नाही. म्हणून ते आपण बोलायला हवं.

दुसरं, लेबल. बऱ्याच डाएट पेयांवर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ असं छापलेलं असतं, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर पोराच्या हातात ‘झीरो’ची बाटली देणाऱ्या आईने ते वाचायचं कसं? हे मोठ्या अक्षरात आणि मराठीत हवं. सीबीएसईने २०२५मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, कुठल्या पेयात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. तसा फळा आपल्या मराठी शाळांतही लागू शकतो. त्याला निधी लागत नाही, खडू लागतो. अर्नाळा आणि अर्नाळा किल्ला, दोन्ही ग्रामपंचायतींच्या ग्रामसभेत हा विषय कुणीही मांडू शकतो. त्याबरोबर वर्षातून दोनदा गावात कंबर, रक्तदाब आणि साखर तपासण्याचं शिबिरही मागा.

थोडक्यात सांगायचं तर ही गोळी वजन उतरवण्यासाठी शोधलेलीच नव्हती. ती चार अपघातांतून सापडली, आधी स्वस्त गोडी म्हणून विकली गेली, मग बारीक होण्याचं औषध म्हणून. साखरेच्या जागी, मोजकी वापरली तर थोडी मदत करते. साखर खायची आणि वर गोळीही, असं केलं तर काही करत नाही. आणि तिच्या भरवशावर वडापाव वाढला तर उलटा परिणाम होतो. त्यापेक्षा दर महिन्याला चहातली साखर अर्धा चमचा कमी करत जा. जीभ हळूहळू सरावते आणि मग गोळीचीही गरज राहत नाही.

तुमच्या घरी काय चाललंय, साखर, गूळ की गोळी? कमेंटमध्ये लिहा. आणि पुढच्या ग्रामसभेला या.